खुर्च्यांवरच्या घागरी

सरकारी वसाहतीतला सामाईक नळ काढून तिथे वाहनतळ करायचा होता. त्यासाठी रहिवाशांची सभा साहेबांनी नेमकी पाणी सुटण्याच्या वेळी ठेवली. लोकसहभागाचा तज्ज्ञ म्हणून मीही मंचावर विराजमान होतो. समोर खुर्च्यांवर रिकाम्या घागरी आणि एकट्या द्वारकाबाई खिल्लारे.

"बाई, हा काय पोरखेळ?"

"नळावर घागर ठेवली की माणूस रांगेत धरतात, साहेब. इथंही धरा. बाया पाण्यावर आहेत."

"घागरी मत देतात का?"

"मागच्या सभेला खुर्च्या रिकाम्याच होत्या, तरी अहवालात 'सर्वांची संमती' आली. खुर्च्या होकार देतात, तर घागरींनी नकार द्यायला काय हरकत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. अहवालातले ते वाक्य माझेच होते. लोकमानसाच्या तीस वर्षांच्या अभ्यासाचे फलित.

नळ राहिला. पुढची सभा नळापाशीच भरली आणि तिथे भरलेले हंडे बाजूला सरकवण्यापुरता माझा सल्ला घेतला गेला.