पहिल्या घोटाचा वसा

ऐक पाणाई, तुझी कहाणी. आटपाट नगरी होती, तिथं एका तांबटाचं घर होतं. घरात तांबट, त्याची आई भागूबाई आणि बायको येसू. भागूबाई मोठी कामसू, मायाळू. एके दिवशी काय झालं? भागूबाई उठली, रांजण लवंडून दिला, म्हणाली, "पाण्यात विष आहे. मला मारायला टपलात." मग पाण्याला शिवेना. ओठ फुटले, डोळे खोल गेले.

मग आळी गोळा झाली. एक म्हणाली, बाहेरची बाधा. दुसरी म्हणाली, अंगारा लावा. तिसरी म्हणाली, कोंडून घाला. लेकानं आईला कोठीत घातलं, कडी लावली आणि बाहेर बसून रडला.

येसूला ते बघवेना. घागर घेऊन नदीवर गेली. तिथं पाणाई, पाण्याची देवी, म्हातारीच्या रूपानं बसली होती. येसूनं हकिगत सांगितली. म्हातारी म्हणाली, "वसा सांगते, पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही." "मग ऐक. हे मनाचं दुखणं. कडी काढावी, वैद्य आणावा. त्याची मात्रा रोज उघड तळहातावर ठेवावी, चोरून कालवू नये. पाण्याचा पहिला घोट आपण वरून घ्यावा, मग तिला द्यावा."

येसूनं तसं केलं. सकाळी भागूबाईनं तांब्या भिरकावला. दुपारी तोंड फिरवलं. सांजेला टक लावून पाहिलं, मग घोट घेतला, मात्राही घेतली. दोन महिन्यांत हसूबोलू लागली.

मग घर उतलं, मातलं. चैत्राचं हळदीकुंकू जवळ आलं. लेक म्हणाला, "आई आता बरी आहे. बायका येतील, मात्रा बघून नावं ठेवतील. बंद कर." येसूनं मात्रा फडताळात लपवली. हसू नका बायांनो, लाजेला आपण सगळ्याच भितो. मात्रा बंद झाली. ऐन हळदीकुंकवात भागूबाईनं पन्ह्याचं पातेलं पालथं केलं. "विष! विष!" बायका दाराकडे पळाल्या.

येसू दारात उभी राहिली. "थांबा. माझ्या सासूबाईंच्या मनाला दुखणं आहे. ते लपवलं, तिथंच मी चुकले." सगळ्यांदेखत तिनं पाण्याचा पहिला घोट घेतला, मात्रा हातावर ठेवली. भागूबाईनं झिडकारली. येसूनं दुसऱ्या दिवशी ठेवली, तिसऱ्या दिवशी ठेवली. चौथ्या दिवशी भागूबाईनं घेतली.

पुढं घर सावरलं. येसूनं नदीवर जाऊन पुसलं, "पाणाई, याचं उद्यापन काय करावं?" "याला उद्यापन नाही, बाई. रोज करावं." येसू म्हणाली, "करीन."

उन्हातनं घरी आली, घसा सुकला होता. भागूबाईनं तांब्या भरला, आधी आपण घोट घेतला, मग सुनेपुढं धरला. "पी पोरी. पाणी चांगलं आहे."

येसूच्या घरची कडी निघाली, तशी तुमच्याआमच्या घरची निघो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली, संपूर्ण झाली.