उजव्या बाहीचं माप

"खेळ न बघता आमच्या संस्थानातला सगळ्यात चांगला टेनिस खेळणारा शोधून दे. संध्याकाळपर्यंत."

आंबेगडच्या राजेसाहेबांनी हा हुकूम सोडला राजशिंप्याच्या मुलीला, म्हाळसेला. ती सरदारांच्या खेळाच्या सदऱ्यांची मापं घ्यायला आली होती.

"खेळ बघितला तर काय बिघडेल, महाराज?"

"खेळात सगळेच आमच्याकडून हरतात. निवडायचं कसं? शेजारच्या संस्थानाने तीन वर्षं टेनिसचा चषक नेला. म्हणून पकड मोजायचं विलायती यंत्र आणलं. आम्ही मूठ दाबली, काटा चाळीसवर गेला. बाकी झाडून सगळे एकोणचाळीसवर थांबले! आता तुझा टेप काय सांगतो ते बघू. चुकलीस तर वाड्याचं शिवण उद्यापासून दुसऱ्या शिंप्याकडे."

म्हाळसेचं घर चालायचं ते त्याच शिवणावर. तिने गळ्यातला टेप काढला.

रणनवरे सरदारांनी छाती फुगवली. "लिही, बेचाळीस."

"छाती नको, सरकार. कोपराखालचा हात द्या."

तिने उजवा मोजला, मग डावा.

"डावा कशाला? मी काय डाव्या हाताने खेळतो?"

"म्हणूनच मोजते."

सहा सरदार मोजून झाले. मग तिने जाळ्यापाशी चेंडू गोळा करणाऱ्या जानबा मार्करला हाक मारली. राजेसाहेबांना रोज सराव द्यायचा, हे त्याचं काम. त्याची काटकुळी छाती बघून सरदार खिदळले. डावा हात भरला नऊ इंच, उजवा सव्वादहा.

"हा तुमचा खेळाडू, महाराज. जो खरोखर रॅकेट चालवतो, त्याचा तो हात जास्त भरतो. सरदारांचे दोन्ही सारखेच आहेत. टाळ्यांना दोन्ही लागतात ना."

"आमचेही मोज," राजेसाहेब म्हणाले.

तिने मोजले. "दोन्ही अगदी सारखे."

राजेसाहेबांच्या भुवया चढल्या. "मग या जानबाला आम्ही रोज हरवतो ते कसं?"

"तुम्ही कुठे हरवता, महाराज? तो हरतो. तुमचा वाकडा गेलेला चेंडू धावत जाऊन गाठायचा, नेमका तुमच्या रॅकेटवर आणून द्यायचा आणि शेवटचा तेवढा जाळ्यात घालायचा. सहा वर्षं रोज तुमच्याकडून हरायचं म्हणजे हात भरणारच."

राजेसाहेब इतके हसले, की रॅकेट हातातून गळून पडली.

"जानबा, चषकाला तू जायचंस. म्हाळसे, वाड्याचं शिवण जन्मभर तुझं, वर शिवणयंत्रही आमच्याकडून. आणि आमच्या नव्या सदऱ्याची उजवी बाही सव्वा इंच सैल शिव. ती भरेपर्यंत जो आमच्याकडून मुद्दाम हरेल, त्याला संस्थानाबाहेर काढू."

रणनवरे सरदारांनी टाळ्यांसाठी उचललेले हात हळूच खाली घेतले.