उष्टं न पिणारं ताट

खाऱ्या तळ्याकाठी गाव नुकतं वसलं होतं, तेव्हाची ही हकिगत. तिथं सटवाजी नावाचा कुंभार होता. देवीच्या पंगतीत गाव त्याच्या परळांत, म्हणजे मातीच्या पसरट ताटांत जेवायचं, गावकुसाबाहेरच्यांना मात्र फुटकी खापरं मिळायची. पाटील म्हणायचे, माती उष्टं पिते. बाहेरच्यांनी जेवलेलं परळ गावातल्याला कसं चालेल?

एका वर्षी खापराच्या कडेनं एका पोरीचा ओठ कापला. खापर आपल्याच हातचं आहे, हे सटवाजीनं ओळखलं. भर पंगतीत तो म्हणाला, उष्टं न पिणारी ताटं करीन, सगळे त्यातच जेवतील.

पाटील हसले. "कर. ताटात हळद-तेल ओतून दुपारभर ठेवू. धुतल्यावर डाग राहिला, तर तुझं चाक माझं आणि तू गावाबाहेर."

तळ्याकाठच्या सोड्यानं लोक कपडे धूत. सटवाजीनं तो मातीत मळला, तर ताटं भुगा झाली. पण जिथं सोडा निखाऱ्यावर सांडला होता, तिथल्या भट्टीच्या विटा ओल्यासारख्या चकाकत होत्या. मग त्यानं ठरवलं, सोडा मातीत नाही, जाळातच टाकायचा.

पाटलांनी त्याला लाकूड द्यायला गावाला मनाई केली. पंगतीच्या आदल्या सकाळी भट्टी लाल झाली, पांढरी होईना, आणि सरपण संपलं. सटवाजीनं कुऱ्हाड उचलली. बायको येसाई लाकडी चाकासमोर आडवी उभी राहिली.

"हे मोडून जिंकलात, तरी उद्या घडवणार कशावर?"

"हरलो तर पाटील नेणारच आहे. त्यापरीस आपल्या भट्टीत जाऊ दे."

येसाई बाजूला झाली. असं म्हणतात, चाकाचा पहिला आरा तिनंच जाळात घातला. भट्टी पांढरी झाली, सटवाजीनं तोंडाशी वाकून सोड्याच्या मुठी फेकल्या. जाळ पिवळाधमक झाला, तळं हादरलं, सटवाजीच्या भुवया जळाल्या त्या पुन्हा कधी उगवल्या नाहीत, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, त्या विटांसारख्याच चकाकणाऱ्या ताटात हळद-तेल ओतलं. उन्हं कलेपर्यंत ते तसंच ठेवलं. मग पाटलांनी ताट स्वतः धुतलं, राखेनं घासलं, नखानं खरवडलं. त्यांची बोटं पिवळी, ताट कोरं.

त्या पाटलांचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि तेच योग्य आहे. सटवाजीच्या नावानं अजून पंगत बसते. तिच्यासाठी चाक फिरवत नाहीत. ताटं हातानं थापतात, म्हणून ती वाकडी असतात. वाढायला सुरुवात गावकुसाबाहेरच्या टोकापासून होते. जेवणं झाली, की त्या टोकाचं पहिलं उष्टं ताट गावातला सर्वांत मोठा मानकरी सगळ्यांदेखत धुतो. तो धुवेपर्यंत पंगत उठत नाही.