पन्हळीवर बसलेली भिवराबाई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्षर न् अक्षर खरी आहे, शपथ घेऊन सांगतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, माझा जन्म तेव्हा व्हायचा होता आणि त्या राज्यात मी कधी गेलोही नाही. पण तेवढं सोडलं तर पाहिलीच.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी एक करवत होती. एकावर एक अशी दोन चाकं, एकेक चाक हत्तीएवढं. दोन्हींवरून फिरणारं पोलादी पातं, बांगडीसारखं अखंड, ना सुरुवात ना शेवट. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून पाणचक्कीवर पडलं की पातं फिरू लागे, इतक्या वेगानं की जागच्या जागी उभं दिसे. एकदा एकाची सावली त्याच्याखाली आली. ती उभी चिरली गेली आणि तो बिचारा जन्मभर दोन सावल्या घेऊन हिंडला.

ही करवत सांभाळायची भिवराबाई. करवतीवर चाळीस वर्षं, आणि हाताला बोटं दहाच्या दहा! लोक लांबून यायचे ती मोजायला.

नवं पातं चढवायच्या दिवशी तिची एक रीत असे. पन्हळीचा मधला तुकडा ती उचलून काढी. पाणी खाली ओढ्यात पडे, चाकं थांबत. मग तो तुकडा उपडा घालून ती त्यावर बसे, ती काम पुरं होईपर्यंत. "मी बसलेय तोवर पाणी कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही," म्हणे.

तिच्या हाताखाली हैबती होता. चाळिशीचा गडी. जत्रेत तुणतुणं वाजवायचा. बोटं गेली तर तुणतुणं गेलं, हे त्याला ठाऊक होतं. तरी जीव करवतीवर होता.

"मावशी, करवत माझ्या हाती कधी देणार?"

"मला कधी उठवायचं हे तुला कळेल त्या दिवशी, हैबत्या."

एके दिवशी खुद्द राजा आला. नव्या रथासाठी वीस बैलांनी ओढलेला सागाचा ओंडका, आणि सोबत राजज्योतिषी. "सूर्य माथ्यावर आला की पहिली फळी पडली पाहिजे," ज्योतिषी म्हणाला. "मुहूर्त तेवढाच."

नेमकं जुनं पातं बोथट झालेलं. भिवराबाईनं पन्हळ काढली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आज तू चढव."

हैबतीनं रेड्याच्या कातड्याचे हातमोजे घातले. नवं पातं वेटोळं करून बांधलेलं होतं. त्यानं ते अंगापासून लांब धरलं, तोंड फिरवलं आणि दोरी सोडली. पातं सळ्ळकन उलगडलं. राजाचे घोडे दोन पावलं मागे सरले.

पाहतो तर दाते वर! त्यानं पातं आतलं बाहेर उलटलं, दाते खाली आणले. दात्यांनी लाकूड करवतीच्या ओट्यावर दाबायचं असतं, आभाळात उडवायचं नसतं. मग पातं चाकांवर चढवलं, ते ताणणारं मळसूत्र आवळलं आणि पातं बोटानं छेडलं. ढब्. आणखी आवळलं. पुन्हा ढब्. आणखी थोडं, आणि पातं गायलं. सारं रान गप्प झालं.

चाक हातानं फिरवलं तर पातं कडेकडे सरकू लागलं. वरचं चाक केसभर कलतं करून त्यानं ते मधोमध आणलं. दोन्ही बाजूंचे आधाराचे ठोकळे वाळक्या पिंपळपानाएवढी फट ठेवून बसवले. पात्यावरचं झाकण ओंडक्यापर्यंत खाली घेतलं.

"मुहूर्त टळतोय!" ज्योतिषी ओरडला. "त्या बाईला उठवा!"

हैबतीनं तोंड उघडलं. पण मघाशी चाक फिरताना कुठंतरी बारीकसं 'टक्' झालं होतं. तुणतुण्यावर वाढलेल्या कानातून ते जाईना. समोर राजा, माथ्यावर सूर्य.

"मावशी," तो म्हणाला, "उठू नका."

राजाच्या भुवया चढल्या. हैबतीनं खाली पाहिलं आणि चाक पुन्हा हातानं फिरवलं. टक्. आणखी एक फेरा. टक्. पाचव्या फेऱ्याला पातं हळूच घसरलं आणि मेल्या सापासारखं लोंबलं.

ते कुठल्या बाजूला घसरलं हे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. त्या बाजूला राजाचं आसन होतं. शेजारी ज्योतिषी.

खालच्या चाकाच्या कडेवर चिंचोक्याएवढा डिंक वाळून बसला होता. एवढासाच! हैबतीनं तो खरवडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. सूर्य कलला. दहा फेरे झाले, टक् झालं नाही. त्यानं सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि मग म्हणाला, "मावशी, आता उठा."

भिवराबाई उठली. "झालं माझं," म्हणाली. पन्हळीचा तुकडा तिनं त्याच्याच हाती दिला.

त्यानं तो जागेवर बसवला. पाणी पडलं. दोन चाकांमध्ये विजेची रेघ उभी राहिली, आणि वीस बैलांचा ओंडका सायीसारखा दुभंगला. आत शंभर वर्षांच्या रेषा होत्या. उन्हानं त्या पहिल्यांदाच पाहिल्या. राजानं नकळत पायातले जोडे काढले.

"ज्योतिषीबुवा, मुहूर्त?" त्यानं हलकेच विचारलं.

"आत्ताच लागला, महाराज," पांढरा पडलेला ज्योतिषी म्हणाला.

रथोत्सवात हैबतीनं तुणतुणं वाजवलं, दहाही बोटं शाबूत. पुढं करवतीवर नवं पातं चढायचं तेव्हा पन्हळीच्या तुकड्यावर तो बसायचा, आणि समोर राजा असला तरी वेळेआधी उठायचा नाही.

तात्पर्य: वेगाला वाट मोकळी करण्याआधी शंकेला पुरता वेळ द्यावा.

आता कबूल करतो. राजा मी घातला. मुहूर्त, हत्तीएवढी चाकं, दोन सावल्यांचा माणूस, सगळे माझेच. चिंचोक्याएवढा डिंक मात्र खरा. आणि पन्हळीचा तो तुकडाही खरा. बसून बसून गुळगुळीत झालाय. ही गोष्ट लिहिताना मी त्याच्यावरच बसलो होतो.