पारखेसाहेबांची भिक्षा

“…मग मत कुणाला द्यायचं, बुवा? ज्याचा हात सढळ आहे त्याला, की जिचे आकडे बरोबर आहेत तिला?”

निरंजनबुवा मठाच्या ओट्यावर बसून झोळीचा उसवलेला कोपरा शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला. विचारणारे पारखे खालच्या पायरीवर बसले होते.

दिगंबर पारखे म्हणजे धानोलीतले नावाजलेले करसल्लागार. सगळ्या बाजारपेठेची कराची कामं त्यांच्याकडे. कुणी कायद्यातलं कलम विचारावं आणि पारख्यांनी पुस्तक न उघडता सांगावं, अशी त्यांची ख्याती. त्या ख्यातीचा ताठा मानेत होता, आणि ते तो लपवतही नसत. मान वाकायची ती फक्त या ओट्यापाशी.

परवा नगराध्यक्षपदाचं मतदान होतं. उभे होते दोघे. आबासाहेब ढगे म्हणत होते, निवडून आलो तर घरपट्टी निम्म्यावर आणतो. विजयाताई गुजर म्हणत होत्या, मोठ्या घरांची घरपट्टी वाढवते आणि त्यातून खालच्या वस्तीत दवाखाना काढते, निराधार म्हाताऱ्यांना रोजचं जेवण सुरू करते.

“विचारानं मी ढग्यांचा,” पारखे म्हणाले. “माणसानं घाम गाळून मिळवावं आणि सरकारनं ते काढून घ्यावं, हे मला पटत नाही. द्यायचं तर मनानं द्यावं. आणि ढगे देतात! कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो… विजयाताईंनी मात्र उभ्या जन्मात कुणाला वर्गणी दिलेली मी पाहिली नाही.”

“मग अडलं कुठं?”

“आकडे मांडायला बसलो की विजयाताईंचं बरोबर येतं.” पारख्यांनी कपाळ पुसलं. “आज संध्याकाळी शेवटच्या सभा आहेत. दोघांनीही बोलायला बोलावलंय. मी ज्याच्या व्यासपीठावर चढेन, त्याच्यामागं सगळी बाजारपेठ जाईल. चुकीचं बोलून गेलो तर…”

बुवांनी झोळी झटकली आणि पारख्यांच्या खांद्यावर टाकली.

“चल. भिक्षेची वेळ झाली.”

“मी? झोळी घेऊन? बुवा, मला सारं गाव ओळखतं.”

“मलाही ओळखतं,” बुवा म्हणाले आणि चालू लागले.

पहिलं दार ढग्यांचं होतं. दारात मोटारी, झेंडे, कार्यकर्त्यांची गर्दी. पारख्यांच्या खांद्यावरची झोळी सगळे वळून वळून पाहू लागले. पारख्यांचे कान तापले. बुवा मात्र पायरीखाली उभे राहिले, मान किंचित झुकवली आणि हाक दिली, “माई, भिक्षा…”

आबासाहेब स्वतः बाहेर धावले. “बुवा! अहो आत या…” बुवा आत गेले नाहीत, तेव्हा त्यांनी घरात ओरडून पुरणपोळ्यांचं ताट मागवलं आणि सगळं झोळीत रिकामं केलं. डोळे खरोखरच भरून आले होते त्यांचे. “मागल्या महिन्यात तीर्थाला गेलो होतो, बुवा. दार बंद होतं आठवडाभर. माफ करा हं.”

“कल्याण असो,” बुवा म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर पारखे उत्साहानं म्हणाले, “पाहिलंत? याला म्हणतात मन!”

“पाहिलं,” बुवा म्हणाले.

दुसरं दार विजयाताईंचं. तिथं गर्दी नव्हती. दोन बायका पत्रकांच्या घड्या घालत बसल्या होत्या. विजयाताई उठल्या, आत गेल्या, एक भाकरी घेऊन आल्या. एकच.

पारख्यांकडं पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला. “साहेब, तुम्ही? बरं झालं भेटलात, तोंडावरच सांगते. मला ही भिक्षा पटत नाही. दवाखाना काय, जेवण काय, कुणाच्या मनावर सोडायची गोष्ट नव्हे ती. पण तो दिवस येईपर्यंत या घरातून रोज एक भाकरी जायची, असं ठरवलंय. जास्त मागू नका.”

भाकरी झोळीत पडली.

“कल्याण असो,” बुवा म्हणाले.

पारखे बुवांकडं पाहतच राहिले. ताटभर पोळ्यांसाठी मान जेवढी झुकली होती, तेवढीच एका भाकरीसाठी झुकली. आवाजही तोच. दोन्ही दारांत काही फरक आहे, हे या माणसाला जणू दिसतच नव्हतं. आपली मान मात्र ढग्यांच्या दारात जास्त वाकली होती, हे पारख्यांना आता आठवलं, आणि ते जरा अवघडले.

मग बुवा नव्या पेठेत वळले आणि एका उंच फाटकापाशी थांबले.

“बुवा… हे तर माझं घर.”

“हाक मार.”

या दारात बुवा आजवर कधी उभे राहिले नव्हते. का, ते पारख्यांनी कधी विचारलं नव्हतं. स्वतःच्या दारात हाक कशी मारायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी घोगरा आवाज निघाला.

“माई… भिक्षा…”

मंदाकिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या खांद्यावर झोळी पाहून त्यांना हसू फुटलं. मग रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली उभे असलेले बुवा दिसले, आणि हसू थांबलं.

“कुणासाठी मागताय?” त्यांनी विचारलं.

त्यात चेष्टा नव्हती. घरातला नियमच होता तो, आणि केला होता खुद्द पारख्यांनी. दारात कुणीही येवो, आधी विचारायचं की कुणासाठी, कशासाठी, खरी गरज आहे का. त्याशिवाय काही द्यायचं नाही.

पारख्यांनी मागं वळून बुवांकडं पाहिलं. बुवा झाडाकडं पाहत होते.

“मला… माहीत नाही.”

“माहीत नसताना मागायला आलात?”

कलमं पाठ असलेला माणूस, आपल्याच अंगणात, बायकोसमोर खाली मान घालून उभा होता. मंदाकिनीबाई बराच वेळ त्या मानेकडं पाहत राहिल्या. अशी ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग आत गेल्या आणि स्वतःच्या वाटच्या पोळ्या आणून त्यांनी हळूच झोळीत ठेवल्या.

“कळलं की सांगा मला,” त्या म्हणाल्या.

यानंतर बुवांनी आणखी कितीतरी दारं घेतली. कुणी दिलं, कुणी दार लोटलं. झोळी जड झाली, ऊन चढलं. मठाकडं वळायच्या ठिकाणी बुवा वळले नाहीत. उतार उतरून ते खालच्या वस्तीत शिरले.

“मठ मागं राहिला, बुवा.”

“मठात शिजतं रोज,” बुवा म्हणाले.

वस्तीत ते दारोदार थांबू लागले. पण आता हाक नव्हती. कुठं कडी वाजवायची, कुठं सरळ आत जायचं, सगळं त्यांच्या पायांना ठाऊक होतं. झोळीतून अन्न निघायचं, ताटात पडायचं. कुणी बसायला पाट सरकवायचं, कुणी नुसतंच ताट पुढं करायचं. ज्या वाकलेल्या मानेनं बुवांनी मागितलं होतं, त्याच मानेनं ते वाढत होते. पारखे मागं मागं चालत होते. इतकी वर्षं आपण ज्यांच्यापुढं बसलो, त्यांना आपण आज पहिल्यांदा पाहतोय, असं त्यांना वाटत होतं.

शेवटचं घर गुणाजीचं. बाजारात हमाली करून करून पाठीचं धनुष्य झालेला म्हातारा. दोन्ही डोळे गेलेले, घरात दुसरं माणूस नाही. पावलं ऐकताच तो खाटेवर उठून बसला आणि खेकसला.

“आज उशीर का?”

पारखे चमकले.

“पोटात कावळे ओरडायला लागले माझ्या! रोज येणार म्हणायचं आणि दुपार करायची, याला काय अर्थ?”

पारख्यांच्या ओठांवर शब्द आले होते. फुकटचं खायचं आणि वर… पण ते तोंडातच राहिले. कारण बुवा खाटेजवळ गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी हात जोडले होते, समोरच्याला दिसत नाही हे पक्कं ठाऊक असताना.

“चुकलं, गुणाजीबाबा. वाटेत आज जरा वेळ गेला. उद्या वेळेवर येतो.”

“या म्हणजे झालं,” म्हातारा पुटपुटला. त्यानं चाचपून ताट जवळ ओढलं. पुरणपोळी आधी खाल्ली, आवडीनं, बोटं चाटत. भाकरी रात्रीसाठी फडक्यात बांधून उशाशी ठेवली. मंदाकिनीबाईंची पोळीही तशीच ठेवली. मग पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

बाहेर येताच पारख्यांचा फोन वाजला. ढग्यांचा कार्यकर्ता होता. सभा सातला आहे, साहेबांची खुर्ची आबासाहेबांच्या शेजारी ठेवली आहे, असं सांगत होता.

“मी येत नाही,” पारखे म्हणाले. “विजयाताईंकडंही जाणार नाही. मत मी देईन. पण आज लोकांना सांगण्याजोगं माझ्याकडं काही नाही… मलाच अजून विचारायचंय.”

फोन खिशात गेला. दोघं चढ चढू लागले. बुवांना धाप लागत होती, तरी पारख्यांनी पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही. अर्ध्या चढावर पारख्यांना राहवलं नाही.

“बुवा, तुम्ही हात जोडलेत त्याच्यापुढं. उन्हातान्हात दारं हिंडून त्याच्या ताटात आणून घातलंत. आणि त्यानं साधे आभारही मानले नाहीत…”

बुवा थांबले. वळून त्यांनी खालच्या वस्तीकडं एकदा पाहिलं. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

“मानायचा की,” ते म्हणाले. “पहिली काही वर्षं रोज पाया पडायचा… तेव्हा त्याला उद्याची खात्री नव्हती.”