मक्याचा गोळा कुणी घातला?

समोर तो डोंगर दिसतोय ना, त्याच्या धुराकडे जरा नीट बघा. आता पूर्वेला झुकलाय, थोड्या वेळाने पश्चिमेला वळेल, मग मध्येच थांबेल. आमच्या गावात त्याला ‘गोंधळलेला डोंगर’ म्हणतात. मी मूळची वाईची, लग्न करून मेक्सिकोतल्या या गावात आले, त्यालाही आता एक जन्म लोटला. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. त्यांनीही ती दर वेळी थोडी वेगळी सांगितली, तेव्हा माझ्याकडून सरळसोट कथेची अपेक्षा ठेवू नका.

फार जुनी गोष्ट आहे. इथे ऊस नव्हता, गूळ नव्हता, दालचिनीही कुणी पाहिली नव्हती. चॉकलेट म्हणजे भाजून वाटलेला कोको आणि गरम पाणी, बस्स. कडू जहर! पण रवीने घुसळून त्यावर फेस आणला की ते देवाचं पेय. पापान नावाच्या एका बाईची तान्ही मुलगी, शोको, तापाने फणफणली. औषध झालं, अंगारा झाला, ताप हटेना. शेवटी पापानने या डोंगराला नवस बोलला, असं सांगतात. “माझी पोर वाचव. नवस फेडीन त्या दिवशी गावात जितकी माणसं असतील, तितक्यांना दाट चॉकलेटचा पेला भरून देईन. त्यात दुसऱ्या कशाची भेसळ करणार नाही.”

डोंगर नवसाला पावला. ताप उतरला. नवऱ्याने अंगावरची घोंगडी देऊन खालच्या उष्ण मुलखातून कोको आणला आणि पापानने अंगणात हंडा चढवला.

आणि नेमक्या त्याच सकाळी डोंगरापलीकडची माणसं गावात आली. त्यांच्या शेतांवर या डोंगराची राख पडली होती. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, आणि सोबत फक्त मक्याचं ओलं पीठ. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून पाट्यावर वाटतात ना, तेच. इथे त्याला ‘मासा’ म्हणतात. दचकू नका, मासळीशी त्याचा काही संबंध नाही.

आता पापानची पंचाईत झाली. ‘जितकी माणसं असतील’ असं ती बोलून बसली होती. पाहुण्यांना वगळावं तर नवस मोडतो, सगळ्यांना द्यावं तर कोको पुरत नाही. तिने हंड्यात पाणी वाढवलं, तर ते गढूळ पाण्यासारखं झालं. रवी फिरवून फिरवून तळहात लाल झाले, पण फेस म्हणून येईना. तेवढ्यात पोर रडली म्हणून ती आत गेली. परत येऊन बघते तो काय, हंडा खदखदतोय, चॉकलेट दाट झालंय आणि वर बोटभर फेस!

भुकेली माणसं प्यायली, गावही प्यायलं. सगळ्यांचे पेले भरले. शेवटी पापानने ओठाला पेला लावला आणि तिला मक्याची चव लागली.

त्याच क्षणी डोंगर गुरगुरला, म्हणे. शिखरातून काळा धूर उठला आणि वाट शोधत असल्यासारखा गावाकडे उतरू लागला. शोकोचं अंग पुन्हा तव्यासारखं तापलं. पापान किंचाळली, “पिठाचा गोळा कुणी घातला? कुणी मोडला माझा नवस?”

पापानने आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांत पीठ होतं. कितीतरी रात्री ती झोपली नव्हती, आपणच घातला की काय, तिला आठवेना. पण या मुलखात कुठल्या बाईच्या नखांत पीठ नसतं? तिच्या डोक्याचा अगदी भुगा झाला.

तेव्हा पलीकडून आलेली एक म्हातारी उठली. “मी घातला,” ती डोंगराकडे तोंड करून म्हणाली.

“काहीतरीच काय बोलता आजी!” पापानची जाऊ पुढे झाली. “मी घातला.”

मग शेजारीण म्हणाली, मी. तिचा नवरा म्हणाला, मी. ज्यांनी जन्मात पाट्याला हात लावला नव्हता, असे बाप्येसुद्धा छाती काढून सांगू लागले, गोळा मीच घातला! धूर म्हातारीकडे वळला, जावेकडे वळला, मग बाप्यांकडे. खापर फोडायचं तरी कुणाच्या डोक्यावर? धूर घुटमळला आणि विरून गेला. शोकोने दुधासाठी टाहो फोडला. ताप उतरला होता.

ताप आपोआप उतरणारच होता, असंही काही जण म्हणतात. खरंच गोळा कुणी घातला, ते कुणालाच ठाऊक नाही. सासूबाई कधी म्हातारीचं नाव घ्यायच्या, कधी पापानचं. मी जास्त खोदून विचारलं की म्हणायच्या, “तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?”

आजही ज्या घरात पोर आजारी असतं, त्या अंगणात हंडा चढतो. आता त्यात गूळ पडतो, दालचिनी पडते. वर कापड झाकतात आणि त्याखालून हात घालून जो तो पीठ सोडतो, कुणाचं किती ते दिसत नाही. मग घरची बाई विचारते, गोळा कुणी घातला? नवी होते तेव्हा मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. पुढे माझी लेक आजारी पडली. मी विचारायला उभी राहिले. कोंबडीवरून माझ्याशी वर्षभर अबोला धरलेली एलोदिया तिथे होती. तिने माझ्या प्रश्नाची वाटही पाहिली नाही. सगळ्यांच्या आधी ओरडली, “मी घातला!”

आज तिचा नातू तापाने पडलाय. चला, हंडा उकळायला आला असेल. ती विचारील तेव्हा तुम्हीही गप्प राहू नका. मराठीत म्हटलंत तरी चालेल. डोंगर आणखी गोंधळात पडेल, तेवढंच पोराच्या पथ्यावर.