एक हजार तेरा

ऐका हं. सोनवळ नावाचं एक मोठं गाव होतं. गावात माणसं होती चार हजार चौतीस. त्या गावावर एक राक्षस उतरला.

देवीनं त्याला अट घातली होती, बरं का. वर्षातून एकदा यायचं, वेशीच्या आतल्या सगळ्या माणसांचे सारखे वाटे करायचे आणि एकच वाटा खायचा. एकटं माणूस म्हणजे वाटा नव्हे. आणि सूर्य बुडेपर्यंत सारखे वाटे पडले नाहीत, तर त्याचा दगड होणार. पळून जाणाऱ्यांना तो रानात गाठायचा.

पहिल्या वर्षी त्यानं दोन वाटे केले. दोन हजार सतरा माणसं गेली. त्यात राही नावाच्या एका बाईचा नवरा गेला.

दुसऱ्या वर्षी गावात एक मूल वाढलं होतं. झाले दोन हजार अठरा. पुन्हा दोन वाटे. राहीचा मुलगा गेला.

मग राही रडायची थांबली. उरलेल्या दर माणसामागे एक, असे एक हजार नऊ चिंचोके तिनं अंगणात ओतले. दोन ढीग केले, एक उरला. तीन केले, एक उरला. सात केले, तरी एक उरलाच. कसेही मांडा, सारखे होईनात.

"या आकड्याला फोडच नाही," ती म्हणाली. गावाला धीर आला. नशिबानं वर्षभर आकडा तोच राहिला.

आणि राक्षस यायला तीन दिवस असताना एक बाई बाळंत झाली. एक हजार दहा!

दादजी पाटील म्हणाले, "पोर रानात ठेवून या."

माणसं खाली बघू लागली. बाळाच्या आईनं बाळ पोटाशी धरलं. ती नुसती बघत राहिली.

राही म्हणाली, "थांबा." तिनं चिंचोके पुन्हा मांडले. एक वाढवला, तीन सारखे ढीग पडले. दोन वाढवले, दोन ढीग पडले. तीन वाढवले. मग मात्र रात्र सरली, तरी ढीग जमेनात.

पण तीन माणसं आणायची कुठून? वेशीबाहेर लाखाई राहायची, तिचा आंधळा नवरा आणि लेक. चेटकीण म्हणून गावानंच तिला हाकललं होतं. राही तिच्या दारात गेली आणि बाळाचं सगळं सांगितलं.

लाखाई म्हणाली, "माझं घर जाळलं, तेव्हा तू कुठं होतीस गं?"

"तिथंच होते. गप्प उभी होते."

लाखाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "मुलगा झालाय की मुलगी?"

"मुलगी."

"चल."

मग राक्षस आला. दोन वाटे केले, एक माणूस उरलं. तीन केले, दोन उरली. सात केले, पाच उरली. दिवसभर तो माणसं इकडून तिकडे ढकलत राहिला, दात खात राहिला. सूर्य बुडाला आणि तो उभ्याउभ्या दगड झाला.

गेलेली माणसं काही परत आली नाहीत, बाळांनो. कितीतरी घरं बंदच राहिली. लाखाईला गावानं घर बांधून दिलं. तिनं ते घेतलं, पण पाटलाशी ती जन्मात बोलली नाही. उरलेली माणसं मात्र सुखानं नांदली, म्हातारी झाली आणि आपापल्या मरणानं गेली.

चला, ओढा गोधड्या. मिटा डोळे.